भूतानवाले सर

जानेवारीतल्या एखाद्या दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याच्या बसस्टँडवर चांगलं कडक ऊन पडलेलं असताना कानटोपी, मफलर आणि एकावर एक दोन स्वेटर घातलेला गृहस्थ उसाचा रस पीत उभा दिसला, तर घाबरू नका. त्यांना ताप नाही. ते आमचे भूतानवाले सर आहेत, हिवाळी सुटीत गावी आलेत. उकडतं त्यांनाही, पण स्वेटर काढला तर परदेशात राहून आल्याचा पुरावा म्हणून अंगावर दुसरं काही उरत नाही.

सरांना स्वतःचं नाव आहे, आडनावही आहे. पण नोकरीची ऑर्डर आली त्या दिवसापासून ते फक्त आधार कार्डावर उरलं. अमेरिकेचं कौतुक आता मौद्यातही कुणाला राहिलेलं नाही. कुणाचा ना कुणाचा भाचा तिकडे संगणकासमोर बसलेलाच असतो. त्यातून एनटीपीसीचं वीजकेंद्र आल्यापासून गावाला परक्या माणसांची सवय झाली आहे. २३२० मेगावॉटचं केंद्र चालवायला बंगाली, ओडिया, तेलुगू, बिहारी अशी सगळी मंडळी इथं येऊन राहिली आणि आमच्या आठवडी बाजारात वांग्यांचा भाव करू लागली. सगळं जग मौद्याला येत असताना एक माणूस उलट्या दिशेनं भूतानला गेला. नाव पुसलं जाण्याएवढं हे कर्तृत्व मोठं आहे.

जाण्याआधी सर एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे. ‘शिकवायचे’ हे जरा सैल हातानं लिहिलंय. नेमणूक तासिका तत्त्वावर, मानधन आलं तर आलं, आणि खरं काम म्हणजे विद्यार्थी गोळा करणं. आमच्याकडे दहावीचा निकाल लागला की पोरांच्या आधी मास्तर घराबाहेर पडतात. ४५ अंशांचं ऊन, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, मोटरसायकलच्या डिकीत कॉलेजची पत्रकं. तारसा, अरोली, कोदामेंढी, खात. पास झालेल्या पोराचं घर शोधायचं, बापाला शेतातून बोलावून आणायचं आणि टीसी हातात पडेपर्यंत अंगणातली खाट सोडायची नाही. त्याच खाटेच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कॉलेजचे मास्तर आधीच बसलेले असतात. कुणी बसचा पास कबूल करतो, कुणी पुस्तकं, कुणी सायकल. पट भरला नाही तर तुकडी जाते आणि तुकडीबरोबर मास्तर जातो, हे त्या खाटेवरच्या प्रत्येकाला पाठ असतं.

एकदा कोदामेंढीकडच्या एका गावात सरांनी न्यूटनपासून सुरुवात करून भौतिकशास्त्राचं महत्त्व तासभर समजावून सांगितलं. पोराचा बाप सगळं शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “ते समदं ठीक हाय जी. पण देता काय?”

परदेशाची ओढ सरांच्या मनात त्या खाटेवर उत्पन्न झाली असावी.

अशात जाहिरात आली. एडसिल या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत भूतानच्या सरकारी शाळांसाठी शिक्षक हवे होते. विषय भौतिक, रसायन, गणित, संगणक. पात्रता एमएस्सी, बीएड. करार दोन वर्षांचा आणि पगार महिना १ लाख ४० हजार. महाराष्ट्रात उच्च माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढलं, तेव्हा कुठे ते २० हजारांवर पोचलं, आणि सर तर शिक्षणसेवकही नव्हते. त्यामुळे जाहिरातीत एक शून्य जास्त पडलं असावं, असंच त्यांनी धरलं. अर्ज केला तो छपाईतली चूक लक्षात आणून द्यायला केल्यासारखा. मुलाखत झाली, निवड झाली, तरी सरांचं त्या शून्यावरचं लक्ष हटलं नव्हतं.

बातमी पानठेल्यावर पोचली. पानठेलेवाला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता थांबला. आमच्याकडे हे फक्त मयत किंवा निवडणूक निघाल्यावर होतं.

“पासपोर्ट काढला का जी?”

“लागत नाही. मतदार कार्ड चालते.”

“अन् व्हिसा?”

“तोही नाही. परमिट देतात.”

“पगार डॉलरमंदी भेटन?”

“न्गुल्त्रममध्ये. पण एक न्गुल्त्रम म्हणजे आपला एकच रुपया.”

पानठेलेवाल्यानं घोटणं पुन्हा सुरू केलं. “मंग हे फॉरेन कायचं बे?”

हा घाव सरांच्या वर्मी बसला. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, डॉलर नाही आणि जायचं ते आगगाडीनं! घरी जाऊन त्यांनी भूतानची सगळी माहिती उपसली आणि अखेर त्यांना हवं ते सापडलं. भूतानचं घड्याळ आपल्या घड्याळाच्या अर्धा तास पुढे असतं. परदेश असल्याचा एवढा एकच पुरावा सरांच्या हाती होता. तो त्यांनी घट्ट धरला. आजही घरून फोन आला की पहिली दोन मिनिटं त्यातच जातात.

“अहो, जेवलात का?”

“इथे साडेनऊ वाजलेत.”

“इथे नऊ झालेत.”

“तेच तर सांगतोय!”

प्रवास मात्र परदेशाला शोभेल इतका लांबला. नागपूरहून हावडा, सियालदहून रात्रीची कांचनकन्या एक्सप्रेस, हासीमारा स्टेशन, तिथून रिक्षानं जयगाव. जयगावात रस्त्यावर एक रंगीत कमान आहे. कमानीच्या अलीकडे पश्चिम बंगाल, पलीकडे फुन्त्शोलिंग, म्हणजे भूतान. अलीकडे सगळे हॉर्न एकाच वेळी वाजत असतात आणि पलीकडे एकही नाही. आपले कान गेले की काय म्हणून सरांनी पहिल्यांदा करंगळी घालून पाहिली. मग कमानीखाली उभं राहून फोटो काढला आणि ‘विदेशात आगमन’ असं लिहून गावाकडे धाडला. पानठेल्यावरून उत्तर आलं, “मांगं कोलकात्याची बस दिसून रायली जी.”

नेमणूक बुमथांगच्या खोऱ्यातल्या एका शाळेत झाली. हे खोरं २६०० मीटरच्या आसपास उंचीवर. मौद्याच्या माणसाला थंडी म्हणजे डिसेंबरात दोन आठवडे अंगावर शाल. इथं फेब्रुवारीत नळातलं पाणी गोठून बसलेलं. खोलीत बुखारी होती, लाकूड जाळून ऊब देणारी लोखंडी शेगडी. उष्णतेच्या संक्रमणाचे तिन्ही प्रकार सर अनेक वर्षं फळ्यावर काढत आले होते. पण ती बुखारी पेटवायला त्यांना शेजारची सातवीतली मुलगी बोलवावी लागली. तिनं दोन ढलप्या आडव्या ठेवल्या, एक उभी, आणि काडी लावली. सरांनी तिला प्रारण समजावून सांगायला सुरुवात केली तोवर ती घरी गेली होती.

कामावर रुजू झाल्यावर पहिली शिक्षकसभा झाली. सर वही-पेन घेऊन पुढच्या खुर्चीवर. प्राचार्यांनी विचारलं, कुणाला काही शंका? सरांनी हात वर केला आणि प्रत्येक शिक्षकानं किती प्रवेश आणायचे आहेत, ते विचारलं. प्राचार्यांना प्रश्न कळेना. सरांनी सविस्तर सांगितलं: गावं वाटून द्याल का, पेट्रोल कोण देणार, सायकली वगैरे कबूल करायची मुभा आहे का? सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग प्राचार्य हळूच म्हणाले की मुलं आपली आपण येतात, सर. त्या दिवशी संध्याकाळी सरांनी बायकोला फोन केला आणि घड्याळाचा विषयसुद्धा काढला नाही. “पोरं आपोआप येतात म्हणते इथं,” एवढंच म्हणाले. पलीकडून बाई म्हणाल्या, “थंडीनं डोकं धरलं असन तुमचं. गरम पाणी घ्या.”

भूतानमध्ये शिकवणं इंग्रजीतून चालतं. १९६० च्या दशकात तिथं आधुनिक शाळा पसरू लागल्या तेव्हा शिकवायला माणसं भारतातूनच गेली. त्यांतले पुष्कळसे केरळचे. म्हणून तिथल्या साठी-सत्तरीच्या साहेबलोकांना आपले जुने ‘इंडियन सर’ अजून आठवतात. या परंपरेचे आपण वारसदार, अशा भावनेनं सर वर्गात शिरले. पोरं एका दमात उठून उभी राहिली. मुलांच्या अंगात घो, मुलींच्या अंगात किरा, हात समोर जुळलेले, मान खाली. आमच्या कन्हान नदीकाठी अशी शिस्त फक्त प्रार्थना चुकवल्यावर प्राचार्यांच्या खोलीबाहेर दिसते. सरांना वाटलं, काही तरी चुकलंय यांचं. काय ते सांगत नाहीत.

विषय होता सापेक्ष गती. सरांकडे यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांचं तयार उदाहरण होतं: समजा, तुम्ही आगगाडीत बसला आहात, शेजारच्या रुळावरची गाडी सुटते आणि आपलीच सुटली असं तुम्हाला वाटतं. मौदा तालुक्यातून मुंबई-हावडा मार्ग जातो. चाचेर किंवा रेवरालच्या पोराला हे सांगितलं की त्याच्या डोळ्यांसमोर मालगाडी हलायला लागते. इथं चाळीस चेहरे नम्रपणे कोरे. भूतानमध्ये रेल्वेच नाही. भौतिकशास्त्राच्या आपल्या पुस्तकातून आगगाडी काढून घेतली तर मास्तराच्या हाती खडू तेवढा उरतो, हे सरांना त्या क्षणी कळलं. त्यांनी फळ्यावर गाडी काढली, रूळ काढले, खिडकीतला माणूस काढला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि फार अदबीनं विचारू लागला: सर, त्या माणसानं डोंगराकडे का नाही पाहिलं? कुठली गाडी हलतेय ते लगेच कळलं असतं.

सर फळ्याकडे बघत राहिले. मौद्याच्या आसपास बघायला डोंगर नाही. धानाच्या बांध्या आणि वीजकेंद्राच्या चिमण्या. स्थिर संदर्भचौकट ही व्याख्या त्यांनी इतकी वर्षं लिहून दिली, पण खिडकीतल्या माणसाला बाहेर बघायला सांगण्याचं कधी सुचलं नव्हतं. “गुड क्वेश्चन,” असं म्हणून त्यांनी घंटेची वाट पाहिली.

पुढं त्यांनी हिशेब चुकता केला. धनुर्विद्या हा भूतानचा राष्ट्रीय खेळ. लक्ष्य दीडशे मीटरच्या जवळपास लांब ठेवतात आणि शनिवार-रविवारी अख्खं खोरं मैदानावर असतं. सरांनी प्रक्षेप्य गतीचा धडा मैदानातच घेतला. बाण ४५ अंशांत सोडला तर सगळ्यात लांब जातो, असं त्यांनी सूत्रानिशी सिद्ध केलं. पोरांनी मान डोलावली आणि कुणीच ४५ अंशांत बाण सोडला नाही. बाण लक्ष्याला लागायला हवा होता, लांब जायला नाही. पण धडा मात्र पाठ झाला, आणि परीक्षेत त्या प्रश्नाला कुणाचाही गुण गेला नाही.

मिरचीचा सरांना फार अभिमान. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. कुही, मौदा, भिवापूर हा सगळा मिरचीचाच पट्टा. हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बायांच्या समोरून जाताना बाहेरगावचा माणूस शिंकत सुटतो आणि आमचा माणूस बिडी पेटवतो. हे सगळं सरांनी स्टाफरूममध्ये रंगवून सांगितलं. भूतानी सहकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि रविवारी जेवायला बोलावलं. लाल तांदळाचा भात, आणि शेजारी वाडग्यात पांढरट रश्श्यात हिरवे लांब तुकडे. सरांना वाटलं, ढोबळी मिरची किंवा श्रावणघेवडा असावा.

“भाजी कशाची?”

“मिरचीची.”

“नाही, म्हणजे मिरची घातलीय ते कळलं. भाजी कशाची?”

“मिरचीचीच. वर चीज.”

याला एमा दात्शी म्हणतात आणि तिथं ते घरोघरी रोज होतं. आपल्याकडे मिरची भाजीत पडते. तिथं मिरची हीच भाजी. २०१६ साली भूताननं कीटकनाशकांच्या कारणावरून भारतातून येणाऱ्या हिरव्या मिरचीवर बंदी घातली, तेव्हा मिरचीवाचून जेवायचं कसं, हा तिथं देशव्यापी प्रश्न झाला होता. सरांनी गावाच्या इभ्रतीखातर वाडगा संपवला. यजमानांच्या लहान मुलीनं न मागता तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि दुसरा वाडगा पुढं सरकवला. त्या रात्री सरांनी आईला फोन केला. “जेवला का बाबू?” या प्रश्नावर त्यांना बराच वेळ बोलता आलं नाही. माउलीला वाटलं, पोराला घरची आठवण आली.

खर्ऱ्याची कथा वेगळी. तंबाखूच्या विक्रीवर भूताननं २००४ साली बंदी घातली होती. २०२१ मध्ये ती उठली. पण बंदी उठली म्हणून पन्नीवर घोटलेला ओला खर्रा बुमथांगच्या बाजारात थोडाच मिळणार? सरांनी दोमाकडे मोर्चा वळवला. तो म्हणजे चुना लावलेलं पान आणि कच्ची, ओलसर, भयंकर वासाची सुपारी. पानसुपारीचं काय शिकवता मला, म्हणत सरांनी अख्खा विडा तोंडात टाकला. कान तापले, कपाळाला घाम सुटला, आणि दोन्ही स्वेटर त्यांनी स्वतःहून काढून ठेवले. बुमथांगला राहायला आल्यापासून त्यांना पहिल्यांदाच मौद्यात असल्यासारखं वाटलं.

तरी सरांची खरी उपासमार झाली ती स्टाफरूममध्ये. महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये नवा माणूस दहा मिनिटांत रुळतो, कारण विषय ठरलेले असतात: संच मान्यता, शालार्थ आयडी, जुनी पेन्शन, अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन, यू-डायसची माहिती आणि संस्थाचालकाचा जावई. सरांची तक्रारींवर हुकमत होती. इथं ते चहाचा कप घेऊन बसले आणि वाट पाहू लागले. कुणी काही म्हणेना. २०१९ मध्ये भूतान सरकारनं शिक्षकांचे पगार त्यांच्या बरोबरीच्या इतर सरकारी नोकरांच्या वर नेऊन ठेवले; त्या बाजूनं बोलायची सोय नाही. देश एकूण राष्ट्रीय आनंद मोजतो, त्यासाठी ३३ निर्देशक आहेत. कुरकुर करणं म्हणजे जणू राष्ट्रीय आकडेवारी बिघडवणं. सरांनी आपलं थंडीवर टीका करून पाहिली. “हो, थंडी आहे,” असं म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. वाद संपला.

मग हळूहळू कळलं की त्या स्टाफरूमलाही एक विषय आहे: ऑस्ट्रेलिया. रसायनवाले पर्थला गेलेत, गणितवाल्या बाईंचा इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल यायचाय, ग्रंथपालाचा भाऊ तिथं स्थिरावला. भूतानचे शिक्षक मोठ्या संख्येनं ऑस्ट्रेलियाला निघाले, जागा रिकाम्या पडल्या, म्हणून तर सर इथं आले. आपण ज्याला परदेश समजून आलो तिथली माणसं परदेश शोधत निघाली आहेत, हे सरांना जरा लागलं. त्यांनी एका तरुण सहकाऱ्याला विचारलं, “पर्थमध्ये शिकवणार का तुम्ही?” तो म्हणाला, “नाही सर, मिळेल ते काम. पण फॉरेन आहे.” सरांना पानठेला आठवला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पर्थही भूतानच्या पुढेच होतं, आणि तेही चांगलं दोन तासांनी.

असे सर आता ठिकठिकाणी आहेत. मालदीवच्या एखाद्या बेटावर समुद्राकडे पाठ करून भूमिती शिकवणारे आहेत, मस्कत-दुबईच्या सीबीएसई शाळांत आहेत. देश कुठलाही असो, लक्षणं सारखी. बॅगेत तळाशी पुरणाचं यंत्र असतं, जे कधी बाहेर निघत नाही. पहिल्या महिन्यात ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य तक्रार म्हणून येतं आणि सहाव्या महिन्यात गावी फोनवर तेच वाक्य प्रौढी म्हणून येतं. फक्त ‘आमच्याकडे’चा पत्ता बदललेला असतो. भूतानवाल्या सरांना तर शिक्षकदिनही दोन: २ मे तिथला, ५ सप्टेंबर आपला. दोन्ही दिवशी ते स्वतःच घरच्यांना आठवण करून देतात.

भूतानमध्ये शाळा फेब्रुवारीत भरतात आणि मोठी सुटी हिवाळ्यात. त्यामुळे सरांना मे महिन्यातली लग्नं चुकतात, आणि जानेवारीत ते आले की ज्यांच्या लग्नाला ते नव्हते त्या सगळ्यांकडे जेवायला जावं लागतं. जेवताना ते एक हिरवी मिरची मागून घेतात, कराकरा चावून खातात आणि म्हणतात, “गोड आहे.” हो म्हणायचं झालं तर तोंडातून ‘हाव जी’च्या जागी भूतानी धाटणीचं ‘हाव ला’ निघतं. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघतात. रस्त्यात मोटारीनं हॉर्न दिला की सर थांबून ड्रायव्हरकडे दुःखानं पाहतात, आणि त्यामुळे मागच्या चार गाड्यांना हॉर्न द्यावा लागतो.

गेल्या जानेवारीत त्यांच्या जुन्या संस्थेनं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, ‘मौद्याचा सुपुत्र सातासमुद्रापार’ असा फलक. वाटेत एकही समुद्र लागत नाही, हे तिथं भूगोलाच्या मास्तरांनीही बोलून दाखवलं नाही. सर आनंदावर पाऊण तास बोलले. कार्यक्रम आटोपल्यावर संस्थाचालकांनी त्यांना हाताला धरून बाजूला नेलं, खांद्यावर हात टाकला आणि हळू आवाजात विचारलं, “सर, तुमचं तिकडं वजन दिसते. अकरावीच्या तुकडीला सात पोरं कमी पडून रायली. तिकडची पाठवता येतीन का? होस्टेलचं पाहून घेऊ.”

सर फेब्रुवारीत वेळेआधी दोन दिवस परत गेले.

भूतान हे फॉरेन की नाही, हा वाद पानठेल्यावर अजून मिटलेला नाही. पासपोर्टवाले एका बाजूला, घड्याळवाले दुसऱ्या. आमचं मत विचाराल तर ज्या देशात दहावीचा निकाल लागल्यावर मास्तरला डोक्याला दुपट्टा बांधून पोरं शोधत हिंडावं लागत नाही, तो देश आगगाडीनं जाण्याइतका जवळ असला तरी फॉरेनच समजावा.